वाट पाहणाऱ्या सीडी

आमच्या घरी रामनवमीला गीतरामायण लागायचं. कॅसेटच्या दिवसांत एक बाजू संपली की कुणीतरी हात पुसत स्वयंपाकघरातून यायचं, कॅसेट उलटी करायचं आणि परत जायचं. पुढे सीडींचा संच आला. त्याच सुमारास दुबईहून कायमचा परतलेल्या मामाने त्याचा पाच सीडींचा चेंजर आमच्याकडे आणून ठेवला. त्या रामनवमीला आईने सकाळीच पाच सीडी ट्रेमध्ये क्रमाने मांडल्या आणि बटण दाबलं. एक सीडी संपली की आतून हलकी घरघर यायची, मग 'खट्', मग काही सेकंद शांतता, आणि पुढचं गीत सुरू व्हायचं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर हीच छप्पन्न गीतं आठवड्याला एक अशी वर्षभर ऐकलेली आजी त्या शांततेत मान वर करून चेंजरकडे बघायची. घरात त्या वेळी कुणी बोलत नसे.

मला गाण्यांइतकंच त्या काही सेकंदांचं कुतूहल होतं. आत्ता वाजली ती सीडी कुठे गेली? पुढची इतका वेळ कुठे होती? सीडी चेंजरवरच्या लेखांचा हा संग्रह संपादित करताना लक्षात आलं की याच प्रश्नात सगळा विषय सामावलेला आहे.

चेंजर म्हणजे अनेक सीडी पोटात ठेवून त्या आपणहून बदलणारा प्लेअर. त्यात लेसर एकच असतो, सीडी फिरवणारी मोटर एकच असते आणि एका वेळी एकच सीडी वाजते. मग बाकीच्या सीडी ठेवायच्या कुठे, आणि त्यांतली हवी ती लेसरपर्यंत आणायची कशी? चेंजरचे निरनिराळे प्रकार म्हणजे या प्रश्नाला वेगवेगळ्या कारखान्यांनी दिलेली उत्तरं. बहुतेक बिघाड त्या उत्तरांतल्या कच्च्या दुव्यांमुळे होतात. आज कुणी जुना चेंजर घ्यायला निघाला, तर त्यानेही आवाजाच्या आधी या उत्तराचीच पारख करायला हवी. नवख्या वाचकाने एवढं सूत्र हाताशी ठेवलं तर पुढची पानं त्याला जड जाणार नाहीत.

हा प्रश्न सीडीपेक्षा बराच जुना आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन ते पाच मिनिटांत संपायची. त्यामुळे तबकड्या आपोआप बदलणारं यंत्र हवं, हा विचार ग्रामोफोनच्या बाल्यावस्थेतच सुरू झाला. शिकागोच्या जॉन गेबल यांचं 'ऑटोमॅटिक एंटरटेनर' १९०६ साली आलं. नाणं टाकायचं, तबकडी निवडायची, बाकीचं यंत्र करायचं. १९२७ मध्ये अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीने घरात ठेवण्याजोगा स्वयंचलित ग्रामोफोन काढला. १९४९ साली आरसीए व्हिक्टरने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली, तिच्या मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलं होतं, कारण तबकड्या एकेक करून खाली सोडणारी रचना मधल्या जाड दांड्यातच बसवायची होती. म्हणजे चेंजर डोळ्यांपुढे ठेवून तबकडीचा आकार ठरला.

संच छापतानाही चेंजरचा विचार होत असे. तीन तबकड्यांच्या संचात पहिल्या तबकडीच्या पाठीवर दुसरी बाजू नसे, सहावी असे. दुसरीवर दोन आणि पाच, तिसरीवर तीन आणि चार. तिन्ही तबकड्यांची चवड दांड्यावर चढवली की पहिल्या तीन बाजू ओळीने वाजत. मग पूर्ण चवड उलटी केली की चार, पाच, सहा. जुन्या संग्राहकांकडे असा संच दिसला तर त्यावरचे आकडे चुकलेले नाहीत, हे आता वाचकाला कळेल. आपल्याकडच्या लाकडी रेडिओग्राममध्येही असे चेंजर असत. त्यांची एक खोड होती. तबकडी तबकडीवर पडायची, खाच खाचेवर घासायची. चांगल्या तबकड्या जपणारा माणूस चेंजरपासून लांबच राहायचा.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानमध्ये सीडीपी-१०१ हा प्लेअर बाजारात आणला आणि ही खोड मुळातूनच संपली. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवलेली सीडी ही चकती बारा सेंटीमीटर व्यासाची. एकाच बाजूने वाचली जाणारी, सुईचा स्पर्श न होणारी, आणि सुमारे ७४ मिनिटं सलग वाजणारी. उलटायची गरज नाही, झिजायची भीती नाही. हलकी, पातळ, सगळ्या एका मापाच्या. आपोआप बदलण्यासाठी याहून सोयीची वस्तू मागूनही मिळाली नसती. म्हणूनच प्लेअर बाजारात येऊन चार-पाच वर्षं होतात न होतात तोच घरगुती चेंजर दुकानांत दिसू लागले.

त्यांची चार घराणी मानता येतील.

पहिलं मॅगझिनचं. यात सीडी एका प्लॅस्टिकच्या पेटीत थरांनी बसतात आणि पेटी प्लेअरमध्ये सरकवायची असते. पायोनियरचं सहा सीडींचं मॅगझिन या घराण्याचं सर्वांत परिचित रूप. मोटारीच्या डिकीतले चेंजरही याच तत्त्वावर चालत. याचा मोठा गुण म्हणजे पेटी बाहेर काढून कपाटात ठेवता येते: एक भक्तिगीतांची, एक नाट्यसंगीताची, एक पाहुणे आल्यावरची. दोष असा की एका कंपनीची पेटी दुसरीच्या यंत्रात बसत नाही आणि आज पेटी हरवली तर यंत्र निरुपयोगी होतं. आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. पायोनियरच्या अनेक मॅगझिन-यंत्रांत लेसर वरून वाचतो, म्हणून सीडीची छापील बाजू खाली ठेवावी लागते. हे माहीत नसल्याने चांगली चालती यंत्रं 'बंद आहे' म्हणून भंगारात गेलेली आहेत.

दुसरं कॅरोसेलचं, म्हणजे फिरत्या थाळीचं. मोठ्या थाळीत पाच सीडी, क्वचित सहा, वर्तुळात मांडलेल्या असतात आणि थाळी फिरून हवी ती सीडी लेसरसमोर आणते. सोनी, यामाहा, डेनॉन, टेक्निक्स, मरांट्झ, ऑन्कियो या सगळ्यांनी ही यंत्रं काढली. हाय-फायच्या रसिकांत नाव असलेल्या रोटेल आणि नॅड यांनीही काढली. एक सीडी वाजत असताना ट्रे उघडून बाकीच्या बदलता येणं ही कॅरोसेलची सर्वांत लाडकी सोय. सगळ्या सीडी एका नजरेत दिसतात, रचना साधी असते, दुरुस्तीला हात पोचतो. पहिलाच चेंजर घेणाऱ्याला या संग्रहातले बहुतेक लेखक हेच घराणं सुचवतात, आणि माझंही मत तेच आहे.

तिसरं आतल्या चवडीचं. बाहेरून साधा एका सीडीचा प्लेअर वाटतो. एकाच ट्रेमधून सीडी एकेक करून आत घेतो आणि पोटातल्या कप्प्यांत रचतो. नाकामिचीची सात सीडींची 'म्युझिकबँक' ही याची नमुनेदार कृती. बदल चटकन होतो आणि जागा कमी लागते. पण आतलं काम इतकं दाटीचं असतं की सीडी अडकली तर ती काढणं घड्याळजीचं काम होऊन बसतं.

चौथं ग्रंथालयाचं. १९९०च्या दशकात सोनी आणि पायोनियर यांनी शंभर, दोनशे, तीनशे आणि शेवटी सोनीने चारशे सीडींची यंत्रं काढली. यांत सीडी पुस्तकांसारख्या उभ्या असतात, गोल मांडणी फिरते आणि यंत्र हवी ती सीडी ओढून घेऊन उभ्यानेच वाजवतं. पायोनियरच्या ३०१ सीडींच्या यंत्राचं वर्गीकरण तर फाइलींच्या कपाटासारखं होतं. घरातला पूर्ण संग्रह एका खोक्यात मावावा, ही त्यामागची आकांक्षा. अडचण अशी की चारशे सीडी आत गेल्या की २३७व्या खणात काय आहे हे लिहून ठेवलेलं नसेल तर हवी ती सीडी सापडत नाही. अशी यंत्रं सांभाळणारे लोक वही ठेवतात, आणि त्या वह्याच पुढे त्यांच्या संग्रहाची सूची होतात.

महाराष्ट्रातल्या घरांत चेंजर आला तो मात्र बहुधा यांपैकी सुट्या यंत्राच्या रूपाने आला नाही. आखातातून येणाऱ्या सामानातून आणि १९९०च्या दशकात इथल्याच दुकानांतून तो आला 'थ्री सीडी चेंजर' अशी अक्षरं मिरवणाऱ्या म्युझिक सिस्टिममधून. रेडिओ, दोन कॅसेट डेक, तीन सीडी, दोन मोठे स्पीकर, आणि समोर वरखाली होणाऱ्या रंगीत पट्ट्या. मुंबईतल्या हिरापन्नापासून गल्लोगल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांपर्यंत ही यंत्रं मांडलेली असत. आजही माळ्यावरून उतरणाऱ्या चेंजरपैकी बहुसंख्य हेच असतात. ते घेताना एक खबरदारी हवी. अशा अनेक सिस्टिमचे भाग आपसांत चपट्या केबलने जोडलेले असतात; डिस्प्ले एकात, वीजपुरवठा दुसऱ्यात. नुसता सीडीचा भाग विकत घेतला तर तो एकटा चालू होणारच नाही.

मग चेंजर गेले कसे? ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला आणि हजार गाणी खिशात मावू लागली. आपल्याकडे त्याच्याही आधी एमपीथ्री सीडीने घाव घातला होता. एका चकतीत दीडशे गाणी येत असतील तर पाच चकत्या फिरवणारं यंत्र कशाला? कंपन्यांनी एकेक मॉडेल बंद केलं. नाकामिची २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ऑन्कियोचा सहा सीडींचा डीएक्स-सी३९० बराच काळ टिकून राहिला, पण २०२२ मध्ये त्या कंपनीवरही तीच वेळ आली. आज घरासाठी नवा चेंजर बनवणारं जवळपास कुणी नाही. चेंजर हवा असेल तर तो जुनाच घ्यावा लागतो, आणि म्हणूनच या पुस्तकाची गरज आहे.

पण आज तो हवा तरी कशाला? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं म्हणजे सीडी अजून घरांत आहेत. आई-वडिलांनी लग्नाच्या वाढदिवसाला, मैफलीनंतरच्या टेबलावरून, मुंबईच्या ऱ्हिदम हाउसमधून किंवा पुण्याच्या अलूरकरांकडून घेतलेल्या. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तिथून आणलेल्या सीडी मात्र कपाटात उभ्या आहेत आणि बहुतेक चांगल्या वाजतात. दुसरं कारण आपल्या संगीताच्या लांबीचं. एक राग तासभर रंगतो, मैफल दोन-तीन सीडींत विभागलेली असते. वाग्नरचे ऑपेरा ऐकणाऱ्यांनी चेंजर ज्या कारणाने जवळ केला, त्याच कारणाने तो ख्याल ऐकणाऱ्याच्याही उपयोगाचा आहे. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. फोनवर गाणी ऐकताना वाजत नसलेलं संगीत कुठे असतं? दुसऱ्या कुणाच्या तरी गोदामात, त्यांच्या कराराच्या भरवशावर. आज आहे, उद्या यादीतून गेलेलं असू शकतं, आणि तुम्हाला कुणी विचारतही नाही. चेंजरमध्ये वाट पाहणारं संगीत तुमच्या घरात, तुम्ही ठेवलेल्या क्रमाने असतं. संध्याकाळी पाच सीडी निवडणं म्हणजे आज काय ऐकायचं हे आपण ठरवणं. पुढचं गाणं कुठलं, हे त्या घरात दुसरं कुणी ठरवत नाही.

आता पारख. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण याच टप्प्यावर माणसं फसतात आणि मीही फसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका बाजारात मला पाच सीडींचा सुबक चेंजर दिसला. विक्रेत्याने पहिल्या खणात सीडी घालून पहिलं गाणं वाजवून दाखवलं. आवाज स्वच्छ होता, मी पैसे दिले. घरी आल्यावर कळलं की चौथा खण यंत्राला दिसतच नाही आणि कुठल्याही सीडीची शेवटची दोन गाणी उडत-उडत वाजतात. चूक माझीच होती. मी आवाज ऐकला आणि हालचाल पाहिली नाही.

सीडी आतून बाहेर वाचली जाते. पहिलं गाणं मधल्या भोकाजवळ असतं, शेवटचं कडेला. आतल्या भागात चकती मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्यांनी फिरते आणि कडेला पोचेपर्यंत तो वेग २०० फेऱ्यांपर्यंत उतरतो. म्हणून पहिलं गाणं सुरूच व्हायला कष्ट पडत असतील तर फिरवणारी मोटर थकलेली असू शकते. शेवटची गाणी अडखळत असतील तर लेसर सरकवणारी पट्टी किंवा गिअर तपासायला हवा. तपासायला जाताना आपल्या सीडी न्याव्यात: एक सत्तर मिनिटांहून लांब, एक थोडी ओरखडलेली, एक घरी बर्न केलेली. लांब सीडी प्रत्येक खणात घालून तिचं शेवटचं गाणं ऐकावं. पाचव्या खणातून पहिल्यावर जायला लावावं. ट्रे दहा वेळा उघडावा आणि मिटावा. तो अर्धा उघडून परत मिटत असेल तर आतला रबरी पट्टा बहुधा ढिला झालेला असतो. हा सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त बिघाड आहे. मग यंत्र तासभर चालू ठेवावं, कारण काही दोष गरम झाल्यावरच उघडे पडतात. रिमोट आहे का, तेही विचारावं. काही यंत्रांत निम्मी कामं रिमोटशिवाय होतच नाहीत. बर्न केलेली सीडी छापील सीडीपेक्षा कमी प्रकाश परतवते, त्यामुळे तीही बिनतक्रार वाजली तर लेसरमध्ये दम आहे असं समजायला हरकत नाही.

दुसरी मोठी गोष्ट विजेची. अमेरिकेतल्या मराठी घरांतून चेंजर पुण्या-मुंबईला येतात, जपानला गेलेले लोक तिथल्या हार्ड ऑफसारख्या जुन्या सामानाच्या दुकानांतून ते उचलतात. अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, जपानची १००, आपली २३०. मागच्या पाटीवर काय लिहिलंय ते न वाचता प्लग लावला तर यंत्र जळू शकतं. चेंजर फारच थोडी वीज खातो, काही दहा-वीस वॉट, त्यामुळे तांब्याच्या वेटोळ्यांचा छोटा ट्रान्सफॉर्मर पुरतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर मात्र वापरू नयेत. जपानी यंत्राला १०० व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर बनवून घ्यावा. फेऱ्यांची चिंता नको. जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा वेग विजेच्या हर्ट्झवर अवलंबून असायचा, सीडीचा वेग आतल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर ठरतो. आखाती बाजारासाठी बनलेल्या काही यंत्रांत मागे व्होल्टेज बदलायची खिट्टी असते. असं यंत्र मिळालं तर खिट्टी २३० किंवा २४० वर आहे हे आधी पाहावं.

लेसरबद्दलही काही समज दूर करायला हवेत. 'लेन्स गेली' हे दुरुस्तीच्या दुकानातलं सर्रास ऐकू येणारं निदान, पण बऱ्याचदा लेन्सवर धूळ बसलेली असते किंवा पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्स बसवलेला भाग, ज्या दांड्यावर सरकतो त्यावरचं जुनं ग्रीस गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दांडा पुसून नवं पांढरं ग्रीस किंचित लावलं की मेलेलं यंत्र उठून बसतं. पिकअपवरचा छोटा स्क्रू फिरवून लेसरचा जोर वाढवण्याची युक्ती काही कारागीर करतात. त्याने चार दिवस बरं वाटतं आणि मग लेसर कायमचा जातो. खरोखरच पिकअप बदलावा लागला तर हताश व्हायचं कारण नाही. सोनीच्या केएसएस-२१३ कुळातले पिकअप अनेक यंत्रांत होते आणि त्यांच्या नकलाही मिळतात, मात्र त्यांचा दर्जा सारखा नसतो. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून संरक्षणासाठी डागाचा एक ठिपका असतो. केबल जोडल्यावर तो काढायचा राहिला तर नवा पिकअपही 'बंद' वाटतो. आणि झाकण उघडं असताना लेन्सकडे वरून कधीही डोकावू नये. ७८० नॅनोमीटरचा तो प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण इजा करतो.

आवाजाच्या बाबतीत या संग्रहात दोन मतं आहेत आणि मी ती दोन्ही राहू दिली आहेत. एक बाजू म्हणते, यंत्राचा पैसा हलत्या भागांत गेल्यावर आवाजाच्या सर्किटला कमी उरतो, म्हणून एका सीडीचा प्लेअरच श्रेष्ठ. दुसरी म्हणते, मागे ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल आउटपुट असलेला चेंजर घ्या, आकडे बाहेर काढा आणि आवाज घडवायचं काम आजच्या चांगल्या डॅककडे, म्हणजे आकड्यांचा आवाज बनवणाऱ्या यंत्राकडे, सोपवा. माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. तरीही पहिल्या बाजूचा मुद्दा डावलता येत नाही. टेक्निक्सच्या 'मॅश' किंवा फिलिप्सच्या 'बिटस्ट्रीम' या डॅक-पद्धतींच्या काळातल्या यंत्रांचा स्वतःचा म्हणून एक आवाज आहे आणि काहींना तोच हवा असतो.

सांभाळणं हा वेगळाच धडा आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं तर ते खराब होतंच. आठवड्यातून एकदा वाजवणं हाच त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. कागदी लेबल चिकटवलेली सीडी चेंजरमध्ये घालू नये, उष्णतेने लेबल सुटतं आणि आतच चिकटतं. आठ सेंटीमीटरची लहान सीडी मॅगझिनमध्ये घालू नये. घर बदलताना सगळ्या सीडी आधी बाहेर काढाव्यात, विशेषतः ग्रंथालय-घराण्याच्या यंत्रांतून. चारशे सीडी आत ठेवून टेम्पोत चढवलेलं यंत्र उघडताना मी पाहिलं आहे. खणांतून सुटलेल्या चकत्या गिअरमध्ये अडकल्या होत्या आणि त्या काढायला पूर्ण दुपार गेली.

या संग्रहात ऐकणारे आहेत, दुरुस्त करणारे आहेत, पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार वर्षानुवर्षं पालथा घालणारे आहेत, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधणारे आहेत. प्रत्येकाने आपल्या हाताखालून गेलेल्या यंत्राबद्दल लिहावं, ऐकीव लिहू नये, एवढीच अट मी घातली होती. सर्वोत्तम यंत्रांची क्रमवारी या पुस्तकात नाही. वीस-पंचवीस वर्षं जुन्या यंत्राची लायकी मॉडेलच्या नावावरून ठरत नाही, ते कसं राखलं गेलं यावरून ठरते. किमतीचा तक्ताही नाही. जुन्या बाजारातला भाव रविवारी एक आणि बुधवारी दुसरा असतो. यंत्राच्या भावात पट्टा, रिमोट, वाहतूक आणि ट्रान्सफॉर्मर मिळवूनच हिशेब करावा, हा सल्ला मात्र जवळजवळ प्रत्येक लेखात आपापल्या शब्दांत आला आहे. वाचकाने विकत घेण्याआधी काय पाहावं, घेतल्यावर काय करावं आणि काय कधीच करू नये, हे त्याला स्वतःला ठरवता यावं, एवढा या पुस्तकाचा प्रयत्न आहे.

मामाचा तो चेंजर मध्यंतरी बारा वर्षं माळ्यावर होता. या पुस्तकाचं काम सुरू झाल्यावर मी तो खाली काढला. ट्रे बोटभर उघडायचा आणि परत मिटायचा. झाकण काढलं. काळा रबरी पट्टा ताणून सैल झाला होता, पुलीवर त्याचा चिकट थर बसला होता. पुली पुसली, बुधवार पेठेतून आणलेला त्याच मापाचा पट्टा चढवला आणि झाकण उघडंच ठेवून दोन सीडी लावल्या.

पहिली सीडी संपली. लेसर आत सरकला, चकती थांबली, वरची लोहचुंबकी पकड उचलली गेली आणि सीडी अलगद थाळीत टेकली. थाळी फिरली, बाजूच्या सेन्सरसमोरून खाचा गेल्या, योग्य जागी थाळी थांबली. खालचा मंच वर आला, पुढची सीडी पकडीत गेली: तोच 'खट्'. चकतीने वेग घेतला, सीडीच्या आतल्या कडेला लिहिलेली गाण्यांची अनुक्रमणिका वाचून झाली. लहानपणी ज्यांच्याकडे कान लावून बसायचो ते सेकंद हे होते.

या रामनवमीला झाकण बसवलेलं होतं. आईने सीडी मांडल्या, क्रम तिचा तिनेच लावला. पहिली संपून घरघर सुरू झाली तेव्हा मी आत काय चाललंय हे सांगायला तोंड उघडलं. आईने हात वर करून मला थांबवलं. पुढचं गीत सुरू होईपर्यंत आम्ही कुणीच बोललो नाही.